न सांगता शिकवणारे खेळ

पडद्याच्या डाव्या बाजूला टोपी घातलेला एक बुटका माणूस उभा आहे. त्याच्या उजवीकडे मोकळी जागा. वर निळं आभाळ, खाली विटांची जमीन, मागे एक हिरवी टेकडी. गुणांचे आणि वेळेचे आकडे सोडले तर कुठे काही लिहिलेलं नाही. जायचं कुठे हे कुणी सांगत नाही. पण डावीकडे गेलं की माणूस अडतो आणि उजवीकडे गेलं की जग पुढे सरकतं, एवढ्यावरून दिशा कळते. थोडं पुढे गेलं की तपकिरी रंगाचं, रागावलेल्या डोळ्यांचं काहीतरी समोरून चालत येतं. त्याला धडकलात की मेलात. पण खेळ आत्ताच सुरू झालेला असतो, गमावण्यासारखं काही नसतं. पुन्हा सुरुवात होते, या वेळी बोट बटणावर जातं आणि माणूस उडी मारतो. उडी नेमकी त्या प्राण्यावर पडली तर तो चपटा होतो. ज्याला हातातली बटणं कशासाठी आहेत हेसुद्धा ठाऊक नव्हतं, त्याला आता खेळातला सगळ्यात महत्त्वाचा नियम कळलेला असतो.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा हा पहिला टप्पा, १-१. सप्टेंबर १९८५मध्ये हा खेळ जपानमध्ये निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या यंत्रासाठी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. या दोघांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे की सुरुवातीचा हा भाग त्यांनी बाकीचं बरंच काम झाल्यावर, सरतेशेवटी केला. खेळ काय आहे हे त्यांना स्वतःला पुरतं कळल्यावरच तो नवख्या माणसाला कसा शिकवायचा हे ठरवता आलं. म्हणून तिथली एकेक वीट विचार करून ठेवलेली आहे. प्रश्नचिन्हाच्या चौकोनाला डोकं आपटलं की अळंबी बाहेर येते. ती उजवीकडे घसरत जाते, खाली पडते, हिरव्या पाइपला धडकते आणि वळून आपल्याच दिशेने येते. तिला घाबरून उडी मारावी तर डोक्यावर विटांचं छत असतं. त्यावर आपटून खेळणारा बहुधा तिच्याच अंगावर उतरतो. मरण्याऐवजी माणूस मोठा होतो. पुढे दोन पायऱ्यांच्या मध्ये एक खळगा लागतो, त्याला तळ आहे. उडी चुकली तरी जीव जात नाही, चढून वर येता येतं. त्याच्या लगेच पुढे तशाच दोन पायऱ्या आणि तसाच खळगा, पण या वेळी बिनतळाचा. सराव आधी, परीक्षा नंतर.

हे मी एवढ्या सविस्तर सांगतो आहे, कारण या पुस्तकातल्या सगळ्या लेखांमागचं म्हणणं त्या एका टप्प्यात आहे. आमच्या पिढीतल्या लाखो मुलांपर्यंत हे खेळ पोचले ते मूळ पेटीतून किंवा माहितीपुस्तिकेसह नव्हेत. ते पोचले नकली यंत्रांतून आणि नकली कॅसेटींतून, भाषेचा सगळा आधार गळून पडल्यावर. तरीही ते आम्हाला पूर्ण कळले. चाळीस वर्षांनी ते अजून खेळले जातात याचं कारणही मला तिथेच सापडतं. जे शब्दांत सांगितलेलं नसतं, ते शब्दांबरोबर जुनंही होत नाही.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ‘टीव्ही गेम’ आला तो बहुतेक वेळा तैवान किंवा चीनमध्ये बनलेल्या फॅमिकॉमच्या नकलेच्या रूपात. ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही नावं त्या वयातल्या कुणालाही आजही आठवतील. यंत्राच्या डोक्यात वरून कॅसेट खोचायची, मागची वायर अँटेनाच्या जागी लावायची आणि मग टीव्हीचा एखादा रिकामा चॅनेल फिरवत फिरवत चित्र पकडायचं. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असे आणि आत मोजून काही खेळ, तेच वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू होणारे. आम्ही आकड्यावर विश्वास ठेवून यादी शेवटपर्यंत उलगडत राहायचो. चित्र आलं नाही की कॅसेट काढून तिच्या पट्टीवर फुंकर मारायची, हा नियम सांगलीत जसा होता तसाच ओसाका आणि शिकागोतही होता. खरं तर फुंकर काहीच करत नाही. उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्टी गंजते, आणि निन्टेन्डोने तसं करू नका असं लिहूनही ठेवलं होतं. उपयोग व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा घट्ट बसवण्याचा. जगभरातली मुलं एकमेकांना न भेटता एकाच चुकीच्या उपायावर कशी पोचली, याचं मला अजून नवल वाटतं.

ज्यांच्या घरी यंत्र नव्हतं त्यांच्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीत ते भाड्याने मिळे, तासावर किंवा दिवसावर. मग एका घरात वाड्यातली सगळी पोरं जमायची आणि ‘चान्स’ लागायचे. मारिओ मेला की रिमोट पुढच्याकडे. मोठी माणसं दर थोड्या वेळाने पिक्चर ट्यूब जाईल म्हणून बजावत. आणि टीव्हीऐवजी वीजच गेली तर सगळं शून्यावर, कारण ‘सुपर मारिओ’मध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, असे बत्तीस टप्पे एका बैठकीत पार करायचे. भारनियमनाच्या गावात त्यासाठी कौशल्याइतकंच नशीब लागे. म्हणूनच १-२मध्ये छतावर चढून, पडद्याच्या वरच्या कडेने पळत जाऊन पुढच्या जगांत नेणारे पाइप गाठता येतात, ही बातमी शाळेत एखाद्या गुपितासारखी पसरली. ती पहिल्यांदा आमच्या गावात कुणी आणली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता त्या खेळाच्या आकाराकडे पाहा. अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटमध्ये बसतो. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटो त्याहून कितीतरी पट जागा घेतो. आभाळातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. मारिओला मिशी आहे, कारण १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा एवढ्याशा ठिपक्यांत तोंड दाखवता येत नव्हतं, टोपी आहे, कारण केस काढणं आणि ते उडीबरोबर हलवणं अवघड होतं. कोजी कोंदो यांच्या हाताशी आवाजाच्या जेमतेम पाच वाटा होत्या. त्यांतलीच एखादी उडीच्या किंवा नाण्याच्या आवाजासाठी लागली की तेवढ्यापुरता तिथला सूर गप्प व्हायचा. तरीही त्यांनी रचलेली धून ऐकली की चाळिशीतल्या माणसाचा अंगठा आपोआप हलतो. अडचण असली की कला फुलते असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. त्याच यंत्रावर शेकडो रटाळ खेळही निघाले, आणि आमच्या कॅसेटींवर ते भरपूर होते. पण चांगल्या हातांना त्या अडचणीने एक सवय लावली. प्रत्येक गोष्टीने दोन कामं करायची, आणि जे काम करत नाही ते ठेवायचं नाही.

‘काँट्रा’बद्दल पुस्तकात वेगळा लेख आहे, म्हणून इथे थोडंच. कोनामीचा हा खेळ १९८७मध्ये व्हिडिओ गेम पार्लरच्या यंत्रावर आला आणि पुढच्या वर्षी घरच्या. आमच्याकडे तो जोडीने खेळायचा खेळ होता, आणि भावाभावांच्या नात्याची त्याने घेतली तेवढी परीक्षा दुसऱ्या कशानेच घेतली नसेल. तिसऱ्या टप्प्यात धबधब्याच्या कडेने वर चढायचं असतं. एक जण घाईने वर गेला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेला लागून मरतो. सोबत्याकडे लक्ष ठेवून आपला वेग कमी करायचा असतो, हे त्या धबधब्याने जितकं पक्कं शिकवलं तितकं संस्कारवर्गाने शिकवलं नाही. आणि ती बटणांची साखळी, वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे-बी-ए. ती दिली की तीस लाइफ. काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’ हा खेळ घरच्या यंत्रावर आणताना तो स्वतःला तपासायला फार अवघड जातो म्हणून ती सोय करून ठेवली आणि काढायची राहून गेली. २०२०मध्ये ते वारले तेव्हा जगभर लोकांनी त्यांना त्याच दहा खुणांनी निरोप दिला.

ज्या खेळाने मला या विषयाकडे गंभीरपणे वळवलं तो मात्र यांतला नाही. तो शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये भेटला, डॉसच्या काळ्या पडद्यावर. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने केलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९मध्ये ‘ॲपल टू’ संगणकासाठी आला आणि वर्षभरात डॉसवर. गोष्ट छोटी आहे. वजीर जाफरने राजकन्येला एक तासाची मुदत दिली आहे, आणि तिचा प्रियकर तळघराच्या कैदेत आहे. त्या साठ मिनिटांत त्याने बारा टप्पे पार करून तिच्यापर्यंत पोचायचं. घड्याळ खरंच चालत राहतं.

त्या राजपुत्राचं चालणं आम्ही तोवर पाहिलेल्या कुठल्याच खेळासारखं नव्हतं. तो पळता पळता थांबला तर घसरायचा. कठड्याला लोंबकळून वर चढताना त्याला जोर लावावा लागायचा. उंचावरून पडला की कळ आपल्याला यायची. याचं कारण असं की तो हलणारा देह खरा होता. मेक्नर यांनी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला आणि चढायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातली एकेक चौकट हाताने गिरवून संगणकात घातली. तलवारबाजी येणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून ती १९३८च्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातल्या द्वंद्वावरून घेतली. संगीत त्यांच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी दिलं. एका कुटुंबाने मिळून केलेला खेळ आहे तो, आणि त्यातली ऊब दगडी भिंतींमधूनही जाणवते.

पण मला सांगायचं आहे ते सावलीबद्दल. मेक्नर यांच्या मूळ बेतात लढाई नव्हतीच. राजपुत्राने नुसतं धावायचं आणि चढायचं होतं. खेळ कोरडा वाटतो, त्यात कुणीतरी विरोधक हवा, असं त्यांची सहकारी टोमी पियर्स सारखी सांगत होती. पण भावाच्या त्या जिवंत हालचालींनी संगणकाची मेमरी इतकी व्यापली होती की दुसऱ्या पात्राला जागाच उरली नव्हती. तेव्हा तोडगा निघाला तो असा : राजपुत्राचंच चित्र घ्यायचं, किंचित सरकवून स्वतःवरच उलटं टाकायचं. उरते ती चमकणारी, भुतासारखी एक बाह्याकृती. नवीन पात्र, पण नवीन जागा लागत नाही. चौथ्या टप्प्यात वाटेत आरसा उभा राहतो, त्यातून उडी मारून जावं लागतं, आणि त्या उडीत राजपुत्राची सावली त्याच्यापासून सुटून दुसऱ्या बाजूला निघून जाते. पुढे ती त्याच्या तोंडचं औषध पिते, त्याच्यासमोर दार लावून त्याला खोल पाडते. शेवटच्या टप्प्यात दोघे समोरासमोर येतात. आपण तलवार काढतो, तीही काढते. आपण वार करतो आणि रक्त आपलंच कमी होतं. तिला मारलं की आपण मरतो. सुटका एकच आहे : तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं. दोघे पुन्हा एक होतात.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात हे कोडं सुटलं तेव्हा लॅबमध्ये जो सन्नाटा पसरला, तो मला चांगला आठवतो. पडद्यावर त्याबद्दल एक अक्षर येत नाही. अद्वैतावरची प्रवचनं आम्ही ऐकलेली होती. पण तलवार म्यान करण्याचा निर्णय आम्ही आमच्या बोटांनी घेतला होता, आणि तोही सगळं करून हरल्यावर. व्हिडिओ गेम ही कला आहे का, हा प्रश्न पुढे अनेकदा ऐकला. माझ्यापुरतं त्याचं उत्तर त्या दुपारी मिळालं होतं.

या मालिकेचा महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे. २००३मध्ये युबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ केला. मेक्नर त्याच्या लेखनात होते. त्याची सुरुवातच हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालावर पर्शियन फौजेने केलेल्या हल्ल्याने होते, आणि त्याची नायिका फरा ही त्या महाराजाची मुलगी. राजपुत्राच्या हातात एक खंजीर येतो, तो काळ मागे फिरवतो. चुकून पडलात तर पडणं पुसून पुन्हा उडी मारा. जुन्या खेळातलं न थांबणारं घड्याळ आणि नव्यातला परत फिरणारा काळ, या दोन टोकांमध्ये मालिकेचा सगळा जीव आहे असं मला वाटतं. मधल्या काळात, १९९९मध्ये, त्याच नावाने एक त्रिमित खेळ येऊन गेला होता; नाव होतं, गोष्ट होती, पण देहाची ती जाणीव नव्हती आणि लोकांनी तो मनावर घेतला नाही. २०२०मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याची घोषणा झाली तेव्हा ते काम पुण्या-मुंबईच्या युबीसॉफ्ट स्टुडिओंकडे होतं. २०२२मध्ये ते माँट्रियलकडे गेलं. पहिल्या झलकीवर जगभरातून बरीच टीका झाली हे खरं. पण ज्या शहरांतल्या मुलांनी ‘प्रिन्स मेगाहिट’ अशी चोरवाट टाइप करून मूळ ‘प्रिन्स’ खेळला, त्याच शहरांतल्या माणसांच्या हाती एके दिवशी त्या मालिकेतला खेळ घडवायला आला, याचा मला झालेला आनंद त्या टीकेने कमी झाला नाही.

पार्लरबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो भाग सगळ्यात वेगाने नाहीसा होतो आहे. एसटी स्टँडजवळ, थिएटरशेजारी, पत्र्याच्या अरुंद गाळ्यात तीन-चार यंत्रं, एका रुपयाला एक डाव. घरी सांगून तिथे कुणी जात नसे. तिथला राजा होता ‘मुस्तफा’. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमने १९९३मध्ये काढलेला, मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर आधारलेला. मुस्तफा कैरो हे त्यातल्या चार नायकांपैकी एकाचं नाव, पिवळ्या टोपीवाला, सगळ्यात चपळ. भारतभरच्या पोरांनी त्यालाच खेळाचं नाव करून टाकलं. अमेरिकेत तयार झालेल्या कथेतला, जपान्यांनी हलवलेला हा गडी आमच्या गल्लीत इतका घरचा झाला की त्याचं परकेपण कुणाला सुचलंही नाही. हा खेळ घरच्या यंत्रांसाठी अधिकृतपणे कधी आलाच नाही. म्हणजे जगातल्या एवढ्या मुलांनी खेळलेली गोष्ट आज रीतसर विकत घ्यायची म्हटली तर दुकान नाही.

आणि हे अपवादात्मक नाही. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३मध्ये अभ्यास केला, त्यात २०१०पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ प्रोग्रॅमही वीसेक वर्षं हरवलेलाच होता. २०१२मध्ये मेक्नर यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी त्या जपून वाचून काढल्या आणि मेक्नर यांनी तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. आता कुणीही तो वाचून सावली नेमकी कशी जन्मली ते पाहू शकतो.

हे सगळं निव्वळ बालपणाच्या ओढीतून आलेलं आहे, असं काही मित्र म्हणतात. ओढ आहेच, ती मी नाकारत नाही. पण माझ्या भाचीला नव्वदच्या दशकाची कसली ओढ असणार? तिच्या हातात मी १-१ दिला आणि काहीच बोललो नाही. ती त्या तपकिरी प्राण्याला धडकली, मेली, आणि दुसऱ्या खेपेला उडी मारली. मियामोतो आणि तेझुका यांनी मांडलेला धडा तिला माझ्या मध्यस्थीशिवाय पोचला. ‘मारिओ’ १९९६मध्ये त्रिमित झाला तेव्हाही त्या लोकांनी हीच काळजी घेतली : टप्पे रचण्याआधी नुसत्या पळण्या-उडण्यात मजा येते का ते पाहिलं, आणि खेळाची सुरुवात किल्ल्यासमोरच्या अंगणात केली, जिथे कुणी मारत नाही आणि हवं तितकं बागडता येतं. पात्रं, रंग, यंत्रं बदलली तरी जी मालिका ही काळजी सोडत नाही ती टिकते. ज्या मालिका फक्त नाव जपतात त्या टिकत नाहीत, हे पुढच्या लेखांत उदाहरणांसह येईल.

जपान आणि अमेरिकेतल्या निर्मात्यांच्या आठवणी, रेखाटनं, मुलाखती आता बऱ्याच छापल्या गेल्या आहेत. त्या बाजूचा इतिहास सुरक्षित हातांत आहे. आपल्या बाजूचा नाही. कुठल्या गावात कॅसेटची अदलाबदल कुठे चाले, पार्लरमध्ये एका नाण्यावर कोण किती वेळ टिके, चान्सचे नियम वाड्यावाड्यांत कसे वेगळे होते, मुलींना यंत्रापर्यंत पोचायला काय काय करावं लागे, याची नोंद जवळपास कुठेच नाही. सोळा लेखांच्या या पुस्तकात मी ती माझ्या ओळखीच्या गावांपुरती केली आहे : सांगली-मिरज, कोल्हापूर, थोडं पुणं. विदर्भ, मराठवाडा, कोकण, गोवा यांच्याबद्दल ती तिथल्याच माणसांनी करायला हवी, आणि लवकर, कारण त्या गाळ्यांमध्ये आता मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत आणि यंत्रं चालवणारी माणसं सत्तरीला आली आहेत. लेख कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालतील. ज्यांनी यांतला एकही खेळ खेळलेला नाही त्यांनी ‘टेट्रिस’च्या लेखापासून सुरुवात करावी, १९८४मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी केलेल्या त्या खेळाला समजून घ्यायला सात आकार पुरतात.